सात नंबरची खांदेमळणी

अन्याय झाला तो सात नंबरवर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, नांदेडच्या एका लॅबमध्ये, चहा यायच्या जरा आधी. ती स्वतः तिथं हजरसुद्धा नव्हती. ती लातूरला आपल्या पिंजऱ्यात निवांत गवत चघळत बसली होती आणि इकडं नांदेडात तिच्या माघारी तिला दोषी ठरवून सगळे मोकळे झाले. ना नोटीस, ना सुनावणी.

सात नंबर म्हणजे पांढरी मादी ससा. लाल डोळे, लांब कान, आणि आमच्या आठ सशांत अंगानं सगळ्यात दांडगी. राग आला की मागचा पाय पिंजऱ्याच्या तळावर असा आपटते की शेजारच्या खोलीत चहाचा कप हलतो. मला ती पहिल्या दिवसापासून पटली. पाय आपटणाऱ्यांबद्दल मला आधीपासूनच आदर आहे.

मी मूळची नांदेडची. बी.एस्सी. झाले आणि नोकरीच्या ऐवजी पत्रकं काढायला लागले. वसतिगृहाच्या टाकीत पाल निघाली, काढलं पत्रक. मुलींच्या बसला थांबा नाही, काढलं पत्रक. लातूरला मावशीकडं राहायला गेले तर गल्लीच्या टोकाला औषधं तपासणारी एक खासगी लॅब निघाली, आणि आत ससे आहेत असं कळलं. दुसऱ्या दिवशी मी गेटवर उभी. पत्रकाचं शीर्षक होतं, ‘मुक्या उंदीरवर्गीयांचा छळ थांबवा’.

त्या लॅबच्या मुख्य मॅडम स्कूटीवरून आत जाताना थांबल्या, एक पत्रक घेतलं, स्कूटीवर बसूनच वाचलं, पर्समधून पेन काढलं आणि चुका दुरुस्त करून कागद मला परत दिला.

“ससा उंदीरवर्गात येत नाही,” म्हणाल्या. “आणि छळाला तू जो दाखला दिलायस, तो कोंबडीचा आहे. बाहेर उन्हात ओरडण्यापेक्षा आत येऊन बघ. मदतनीस पाहिजेच आहे मला.”

मी गेले. आमच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर मला फितूर ठरवण्यात आलं. ठरवू द्या. आत काय चालतं हे न बघता पत्रक काढणं सोपं असतं, एवढं मला आत गेल्यावर कळलं. आत गेल्यावरही पत्रक काढावं लागतं, हे नंतर कळलं.

आता आत काय चालतं ते सांगते, कारण ते समजल्याशिवाय अन्याय समजायचा नाही.

आमच्याकडं जे औषध आलं होतं ते म्हणजे एक प्रतिपिंड. रोगाशी झुंजायला आपल्या अंगात जी प्रथिनं तयार होतात, तसलंच एक, पण कारखान्यात बनवलेलं आणि माणसाच्या मापानं शिवलेलं. माणसाला द्यायच्या आधी ते जनावराला देऊन बघतात. आता ससा काही माणूस नव्हे. सशाच्या अंगाला हे औषध परकं वाटतं, आणि ते त्या औषधाच्याच विरोधात स्वतःचे प्रतिपिंड काढायला लागतं. मग औषध रक्तात टिकत नाही. औषधातच दम नव्हता की सशानं त्याला काम करू दिलं नाही, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून कुठल्या सशानं किती विरोध केला, हे मोजावं लागतं. ही मोजणी आमचं काम.

हे ऐकून मी मॅडमना म्हणाले, “म्हणजे तुम्ही मोर्चातली डोकी मोजता.”

“डोकी नाही, रंग,” मॅडम म्हणाल्या.

तेही खरंच आहे. शहाण्णव बारक्या खळग्यांची एक प्लास्टिकची प्लेट असते. खळग्यांना आतून औषधाचा लेप. त्यात सशाचं सीरम, म्हणजे रक्तातलं वरचं निवळ पाणी, टाकायचं. विरोध करणारे प्रतिपिंड असतील तर ते औषधाला चिकटून बसतात, बाकी सगळं धुऊन जातं. मग शेवटची एक-दोन रसायनं टाकली की जिथं विरोध तिथं पिवळा रंग चढतो. जेवढा विरोध, तेवढं पिवळं. प्लेट यंत्रात सरकवायची, यंत्र खालून-वरून उजेड टाकून पिवळेपणाचा आकडा सांगतं.

यात सगळ्यात महत्त्वाचं असतं ते पहिलं रक्त, औषध टोचायच्या आधीचं. ते कोरं निघायला पाहिजे. ज्यानं औषधाचं तोंडही पाहिलेलं नाही त्याचा विरोध आधीच दिसला, तर पुढची मोजणी कशाशी ताडून बघणार? असा ससा अभ्यासातून बाद. आणि बाद झालेल्या जनावराचं काय करायचं यासाठी नियमात एक फार मऊ शब्द आहे. त्याचा अर्थ, झोपेचं इंजेक्शन, ज्यातून उठायचं नसतं. अभ्यास पुरा करणाऱ्या सशाला मात्र प्राण्यांवरच्या प्रयोगांची देखरेख करणाऱ्या समितीच्या परवानगीनं कुणाच्या तरी घरी सांभाळायला देता येतं. म्हणजे कोरी निघाली तर जगायची आशा, पिवळी निघाली तर खेळ खलास. सात नंबरचं सगळं त्या पहिल्या रक्तावर होतं.

आणि हे पहिलं रक्त काढायचा दिवस ठरला होता ऐन पोळ्याचा. कुणी ठरवला? मुंबईकडच्या कंपनीनं. त्यांच्या कॅलेंडरात बैल नसतात.

सशांची देखभाल करणारे आमच्याकडं एक मामा आहेत. मुरुडकडचे, घरी जिरायती शेती. सगळे त्यांना मामाच म्हणतात, मॅडमसुद्धा. पोळ्याच्या आधी त्यांचं तोंड उतरलेलं होतं.

“घरची जोडी मागच्या साली दिली,” ते मला म्हणाले. “आता टॅक्टर. तो बी भाड्याचा. भाड्याच्या टॅक्टरची खांदेमळणी करावं म्हणलं तर मालक म्हनतो, पेंट खराब हुतो.”

खांदेमळणी म्हणजे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले असतात, ते शेकतात, मळतात, आणि बैलाला सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आमच्याकडं माणसालासुद्धा इतकं अदबीनं कुणी जेवायला बोलवत नाही.

मॅडमना मामांच्या स्वभावाचा अंदाज होता. त्यांनी सशांच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवला, ‘पोळ्यानिमित्त सशांना पुरणपोळी, कढी, भजी किंवा कोणताही नैवेद्य खाऊ घालू नये.’ मामांनी तो दोनदा वाचला आणि मान डोलवली. मी मावशीकडं निघून गेले.

पोळ्याच्या सकाळी आम्ही रक्त काढायला बसलो. सशाचं रक्त कानाच्या कडेच्या शिरेतून काढतात. मामा सशाला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतात, मॅडम कानाला स्पिरिटचा बोळा चोळतात, शीर फुगते, सुई जाते, ससा एकदा नाक उडवतो, झालं. सहा ससे बिनतक्रार झाले. सात नंबर आली. मॅडमनी बोळा चोळला. बोळा पिवळा.

“मामा, हिचे कान पिवळे कसे?”

मामा खिडकीकडं बघत म्हणाले, “कवळं ऊन पडून राहिलंय मॅडम.”

खिडकी पश्चिमेला आहे. मॅडमनी मामांकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि आणखी दोन बोळे चोळले. तेही पिवळे. “घाण करून घेते कुठं कुठं,” म्हणाल्या आणि सुई घातली. मी हे मुद्दाम सांगून ठेवते. आरोपी म्हणून पुढं जिला उभं केलं, तिच्याविरुद्धचा पुरावा मॅडमच्याच हातमोज्यांना लागलेला होता, आणि त्याच हातांनी त्यांनी तिची नळी उचलली, बूच लावलं, नंबर टाकला.

आमच्या लातूरच्या लॅबचं प्लेट वाचायचं यंत्र तेव्हा बिघडलेलं होतं. म्हणून सीरमच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून नांदेडला न्यायच्या होत्या, मॅडमच्या ओळखीच्या लॅबमध्ये. मॅडम आणि मी एसटीत बसलो. डबा माझ्या मांडीवर. चाकूरच्या पुढं कंडक्टर आला.

“डब्यात काय हाय?”

मी खोटं बोलत नाही. म्हणाले, “सशाचं रक्त.”

शेजारची बाई उठून पुढं गेली. मागच्या सीटवरचे आजोबा म्हणाले, “करणी बिरणी करतात की काय?” मॅडमनी कपाळाला हात लावला.

“सीरम आहे हो,” त्या म्हणाल्या. “रक्तातलं पाणी. तपासायला नेतोय.”

“ससा कुठाय?” कंडक्टर.

“ससा लातूरलाच आहे.”

“मग त्याला तिकीट लागत न्हाई,” कंडक्टर म्हणाला आणि पुढं गेला. अहमदपूरपर्यंत आमच्या आजूबाजूच्या सीटा रिकाम्या राहिल्या. लोह्याला गर्दीचा लोंढा चढला, पण बसमध्ये बातमी तोंडातोंडी पोचलेली असावी. लोक दांड्याला लोंबकळत उभे राहिले, आमच्याजवळ कुणी आलं नाही. मी पाय पसरून झोपले. शास्त्राचा एवढा प्रत्यक्ष फायदा मला त्याआधी कधी झाला नव्हता.

नांदेडच्या लॅबमध्ये ते यंत्र चालवतात ते भाई. जुन्या नांदेडातलं घराणं, आजोबा अत्तर विकायचे, वडील चष्मे, आणि हे प्लेटा वाचतात. बोलायला गोड, कामात सावकाश. त्या रात्री औषधाचा लेप बसायला प्लेट भिजत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भाईंनी ती शेवटपर्यंत नेली. एकेक नळी हातमोज्यांत उचलली, प्रत्येक सशाचं सीरम दोन-दोन खळग्यांत टाकलं, धुतलं, रसायन टाकलं, प्लेट दोन बाजूंनी धरून यंत्रात सरकवली. पडद्यावर आकडे आले. एक ते सहा कोरे, आठ कोरा. सात नंबरचे दोन्ही खळगे पिवळे.

“या अल्ला,” भाई हळूच म्हणाले. “ही तर आधीपासूनच नाराज आहे.”

मॅडमनी आकडा बघितला, पेन उचललं आणि म्हणाल्या, “सात नंबर बाद. लातूरला मामांना फोन कर, पिंजऱ्यावर लाल खूण लावायला सांग.”

एवढंच. चहासुद्धा आला नव्हता अजून.

मी म्हणाले, “तिला टोचलंच नाही तर ती विरोध कशाला करेल?”

“काहींच्या अंगात आधीपासून असतात. होतं असं.”

“होतं असं म्हणून मारायचं?”

“मी मारत नाहीये, बाद करतेय.”

“नियमातला मऊ शब्द मला माहितीये मॅडम.”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. त्या दुष्ट नाहीत. सशाचा केस उडाला तरी शिंका येणारी बाई सशांसोबत आयुष्य काढते, तिला दुष्ट म्हणता येणार नाही. पण आकडा समोर आला की त्यांचे कान बंद होतात. मी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि लिहायला बसले. मला दुसरं येतंच काय? ‘सात नंबरवरील एकतर्फी कारवाई रद्द करा. पुरावा जाहीर करा. फेरतपासणी झालीच पाहिजे.’ वाचून दाखवलं.

भाई म्हणाले, “ताई, मशीनला मोर्चा समजत नाही हो.”

“तुम्हाला तर समजतो ना? मला पुरावा दाखवा.”

“अगं आकडा हाच पुरावा,” मॅडम वैतागल्या.

“आकडा मशीननं सांगितला. मला पिवळं बघायचंय. माझ्या डोळ्यांनी.”

यावर वाद घालण्यापेक्षा दाखवून टाकलेलं बरं, असा विचार करून मॅडमनी यंत्रातून प्लेट काढली. मी खुर्चीत बसलेली, त्या उभ्या. मला नीट दिसावं म्हणून त्यांनी प्लेट ट्यूबलाइटच्या दिशेनं वर धरली, आणि स्वतःही मान वर करून बघायला लागल्या. म्हणजे पहिल्यांदाच कुणीतरी ती प्लेट खालून बघितली.

आणि मॅडमनी प्लेट डोळ्यांजवळ आणली.

सात नंबरच्या खळग्यांतलं पाणी निवळ होतं. पिवळं होतं ते प्लेटच्या बुडाला. बाहेरून. अंगठ्याच्या आकाराचं, रेघांसकट.

“भाई,” मॅडम म्हणाल्या, “अंगठा दाखवा.”

भाईंनी हातमोजा दाखवला. अंगठा पिवळा, तर्जनी पिवळी. त्यांनी वास घेतला. “हळद,” म्हणाले, आणि पुन्हा वास घेऊन, “लोण्यातली.” अत्तरवाल्याच्या घरातलं नाक ते. मग नळ्यांच्या स्टँडकडं बघितलं. सात नंबरची नळी बाहेरून चकाकत होती. भाईंनी ती उचलली होती आणि मग प्लेट धरली होती, आणि सात नंबरचे खळगे नेमके प्लेटच्या त्या कडेला होते जिथं भाईंचा अंगठा टेकतो. साधा बोटाचा ठसा असता तर यंत्रानं तो ओळखून वजा केला असता, तशी त्यात सोय असते. पण यंत्र पिवळंच शोधतंय आणि ठसाही पिवळाच. त्याला काय कळणार बिचाऱ्याला.

मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला.

“मामा, पोळ्याच्या आदल्या दिवशी सात नंबरला काय खाऊ घातलंत?”

“काय बी न्हाई मॅडम. पाटी वाचली की मी.”

“मग लावलंत काय?”

“ऐकू येईना मॅडम. पंखा लई वाजतोय.”

“मामा.”

“थोडी हळद.”

“किती थोडी?”

“लोण्यात कालवून. खांद्याला. आन् कानाला.”

“कानाला का?”

“शिंगं न्हाईत ना तिला.”

भाईंनी तोंडावर रुमाल धरला. मॅडमचा आवाज चढला. “सगळ्या सशांना?”

“न्हाई न्हाई. एक मानाची लागती. ती पाय आपटती म्हणून तिला धरलं. लई शांत बसली व्हती मॅडम, डोळं मिटून. आवतन बी दिलं. पर दुसऱ्या दिशी जेवायला काय घातलं न्हाई. तेवढी रुखरुख लागून राहिलीय बघा. पाटीवर खाऊ घालायचं न्हाई म्हणलं व्हतं. लावायचं न्हाई असं कुठं म्हणलं व्हतं?”

मॅडमनी फोन ठेवला. मी माझा कागद त्यांच्यासमोर सरकवला. त्यांनी तो वाचला आणि ‘फेरतपासणी’खाली रेघ मारली. भाईंनी प्लेटचं बूड स्पिरिटनं पुसून पुन्हा वाचली तर सात नंबरचा आकडा धपकन बाकीच्यांच्या ओळीत आला. पण मॅडम तेवढ्यावर समाधान मानणाऱ्या नाहीत. नळी पुसली, नवे हातमोजे, नवी प्लेट, दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं पहिल्यापासून. सात नंबर कोरी. सशांच्या खोलीच्या दारावर दुसरा कागद लागला, ‘कोणत्याही सणाला सशांना काहीही लावू, फासू, चोळू, बांधू किंवा ओवाळू नये.’ मामांनी तो तीनदा वाचला. फट सापडली नाही.

पुढं सगळ्यांना औषध टोचलं. आठवडे गेले, दर वेळी कानातून थोडं रक्त, दर वेळी नांदेड, आणि आता एसटीत कंडक्टर लांबूनच हात करायचा. तेव्हा विरोध दिसायला लागला, खरा, खळग्याच्या आतला. कुणाचा फिकट, कुणाचा मध्यम. सात नंबरचा असा गडद पिवळा की भाईंना सीरम पाणी घालून घालून पातळ करावं लागलं, तेव्हा कुठं यंत्राच्या मापात बसलं. जेव्हा विरोध करायचं कारण नव्हतं तेव्हा ती गप्प होती, आणि कारण मिळाल्यावर तिनं सगळ्या आठांत जोरदार केला. मॅडम म्हणाल्या, अहवालाला असाच ससा लागतो. मी म्हणाले, संघटनेलाही.

अभ्यास संपला. समितीनं आठही सशांना घरी द्यायची परवानगी दिली, पण मुदत घातली दिवाळीपर्यंतची. त्यानंतर पिंजरे नव्या सशांना हवेत, आणि जुन्यांसाठी पुन्हा तो मऊ शब्द. बाकीच्या सातांना घरं मिळाली. भाईंनी दोन नेले, पोरींसाठी. सात नंबर राहिली. जो येतो तो तिला बघतो, ती पाय आपटते, आणि तो शेजारच्या पिंजऱ्यातला नेतो. मामांच्या घरी दोन कुत्री आहेत. मॅडमना शिंका. माझ्या मावशीनं सांगितलंय, तू राहा नाहीतर ससा राहू दे, आणि ती कुणाला निवडेल ते विचारायची मला हिंमत नाही.

तुम्ही लातूरला राहत असा की नांदेडला, उदगीरला की धर्माबादला, मला तुमची हळहळ नको. तुमच्याकडं सावलीतली जागा आणि चार भिंतींचं अंगण असेल, कुत्रं नसेल, आणि कुणी पाय आपटला तर चालत असेल, तर दिवाळीच्या आत लातूरला या. सोबत टोपली आणा, झाकणाची. आणि सात नंबरला घेऊन जा.